थोरल्यांच्या डिकीतलं खोकं

“बाई, दुकानात गाडी आली आहे,” गादीवाला फोनवर म्हणाला.

“दुकानासमोर?”

“दुकानात. गाद्यांवर. आत माणूस बसलाय आणि खाली उतरायला तयार नाही. म्हणतो, विमावाले येईपर्यंत पुराव्याला हात लावू नका.”

“पुरावा म्हणजे कोण?”

“तो स्वतः असावा,” गादीवाला म्हणाला.

विमा कंपनीची तपासनीस रिक्षाने निघाली. तिला गाडी चालवता येत नव्हती. तिच्या साहेबांच्या मते हा तिचा सर्वांत मोठा गुण होता, कारण त्यामुळे तिला चालवणाऱ्याची दया येत नसे. दया सोडा, विश्वासही नसे. संशय ही तिची नोकरी होती, आणि इतकी वर्षं नोकरी केल्यावर स्वभावाला वेगळी जागा उरत नाही. घरी दूध उतू गेलं तरी ती आधी विचारायची, “शेवटचं इथं कोण होतं?” घरात ती एकटीच राहायची.

ती पोचली तेव्हा माणूस उतरला होता. टेकडीच्या उतारावरून सुसाट येऊन, दुकानाची भिंत फोडून, गाद्यांच्या थप्पीत घुसेपर्यंत त्याला ओरखडाही उठला नव्हता. थप्पीवरून खाली उतरताना मात्र पाय मोडला. त्याला इस्पितळात नेलं होतं. गाडी अजून वरच होती, मऊ अंथरुणात, नाक किंचित उशीत खुपसून.

फौजदार खाली उभे होते. भरदार माणूस. कुठलाही गुन्हा जेवणाच्या आत सोडवावा, असं त्यांचं धोरण.

“सोपी केस आहे,” ते म्हणाले. “ब्रेक लागले नाहीत. ब्रेक कालच गॅरेजमध्ये बदलले. म्हणजे गॅरेजवाली दोषी. चला.”

“चाकं उघडून बघितली?”

“तुम्ही आल्यावर बघू म्हटलं.”

म्हणजे निकाल आधी आणि तपास मग. तपासनीस बाईंनी हेही मनात टिपून ठेवलं.

गाडी उतरवायला वेळ गेला. मग एका माणसाने पुढची चाकं काढली आणि ब्रेकचे पॅड हातात दिले; त्यातला एक उलटाच बसवलेला होता. पॅड म्हणजे लोखंडी पट्टीवर चिकटवलेला घासायचा थर. तोच चाकाच्या चकतीला दोन्ही बाजूंनी धरतो, आणि गाडी थांबते. इथे तो थर जवळजवळ शिल्लकच नव्हता. चपलेचा अंगठ्याखालचा भाग झिजून जातो तसा.

“बघा,” फौजदार म्हणाले. “नवे म्हणून जुनेच ठेवले आणि पैसे घेतले.”

तपासनीस बाईंनी पट्टीची मागची बाजू पुसली. तिथे परक्या देशाच्या लिपीत काहीतरी कोरलेलं होतं.

“ही गाडी कोणाची?”

“धाकट्यांची.”

“मग हे इथे कसे?”

फौजदारांनी खांदे उडवले. पण गादीवाला जागच्या जागी थिजला. “परदेशी?” तो म्हणाला. “धाकट्यांच्या गाडीत? बाई, हे म्हणजे देवळात चप्पल सापडल्यासारखं झालं.”

थोरले आणि धाकटे हे सख्खे भाऊ. टेकडीवर त्यांचा भाड्याच्या गाड्यांचा धंदा. त्यांचं सख्य विळ्याभोपळ्याचं, आणि कारण एकच. थोरल्यांच्या मते गाडीला सुटा भाग लावावा तर परदेशी. देशी माल म्हणजे नुसता रंग. धाकट्यांच्या मते परदेशी माल म्हणजे नुसतं खोकं. आपल्या हवेला आपलंच लोखंड मानवतं. “पिकतं तिथं विकत नाही, ते हेच!” असं ते लग्नाकार्यातही कोणाचा तरी दंड धरून सांगत. दोघांनी एकाच दिवशी, एकाच रंगाची, एकच गाडी घेतली होती. थोरल्यांच्या गाडीत सगळं परदेशी. धाकट्यांच्या गाडीत काच पुसायचं फडकंसुद्धा देशी.

अखेर दोघांनी पैज लावली. आदल्या दिवशी एकाच गॅरेजमध्ये दोन्ही गाड्यांना नवे पॅड घालायचे. सकाळी टेकडीवरच्या शेडमधून निघायचं, उतारावरून यायचं आणि चुन्याच्या रेषेपाशी ब्रेक दाबायचा. जो रेषेच्या जवळ थांबेल, त्याचा माल धंद्यातल्या सगळ्या गाड्यांना. थोरल्यांची गाडी रेषेवर चाक ठेवून थांबली. धाकट्यांची रेषा, चहाची टपरी आणि एक घाबरलेलं कुत्रं ओलांडून गाद्यांवर थांबली.

चाकाच्या बोल्टांवर पिवळ्या रंगाची एकेक रेघ होती. अर्धी रेघ बोल्टवर, अर्धी चाकावर. तपासनीस बाईंनी चाकं उतरवण्याआधीच त्यांचे फोटो काढून घेतले होते. आता तिने फोन डोळ्यांजवळ नेला. मागच्या चाकांवरच्या रेघा सरळ होत्या. पुढच्या चाकांवरच्या रेघा जुळत नव्हत्या. मधेच तुटल्यासारख्या, इकडची अर्धी वर, तिकडची अर्धी खाली.

तिने फोन पिशवीत टाकला. फौजदारांना जेवायची घाई होती.

*

गॅरेजच्या शटरला फौजदारांनी सील ठोकलं होतं. बाहेर, एका उलट्या डब्यावर, उस्ताद बसली होती.

उस्ताद हे तिच्या वडिलांचं टोपणनाव. गॅरेजबरोबर तेही तिला वारशाने मिळालं. बाई दणकट, आवाज त्याहून दणकट, आणि नम्रता तिने आयुष्यात कधी वापरून पाहिली नव्हती.

“आत लोकांच्या गाड्या आहेत,” ती म्हणाली. “एकाची उद्या मुलगी सासरी जायची आहे, त्याच गाडीने. फौजदार म्हणतात, उद्या दुपारपर्यंत दुसरं कोणी सापडलं नाही तर मला आत टाकणार. सापडेल का दुसरं कोणी?”

“दोषी असेल ते सापडेल.”

“हे काही उत्तर नाही.”

“काल पॅड कोणी बसवले?”

“मी. दोन्ही गाड्यांचे. माझ्या हाताने.”

“धाकट्यांच्या गाडीत कोणते?”

“देशी. नवे कोरे. माझ्यासमोर ते तीनदा म्हणाले, ‘देशी ना? देशीच ना?’ मी म्हटलं, हो, हवं तर झेंडा लावून देते.”

“मग आत जुने परदेशी कसे आले?”

“ते मला विचारू नका. मला विचारा ते बसवले कसे होते. हवालदार सांगत होता, एक पॅड उलटा होता. बाई, मी पॅड उलटा बसवला असता तर वडील स्वर्गातून खाली आले असते, पाना घेऊन.”

“बोल्टांवर पिवळ्या रेघा तुम्ही मारता?”

“आवळून झाले की मारते. मग कोणी हात लावला तर कळतं.”

“पुढच्या चाकांवरच्या जुळत नाहीत.”

उस्ताद उठून उभी राहिली. “म्हणजे कोणीतरी नंतर उघडली!”

“किंवा तुम्हीच परत उघडली. शेडची किल्ली तुमच्याकडेही होती.”

“होती. सकाळी मी हवा तपासायला गेले होते, पहाटेच. मी जाताना थोरले दिसले, मी परतताना धाकटे दिसले. अख्खं गाव पहाटे तिकडेच होतं. मग काय, मीच एकटी चोर?”

तपासनीस बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. तिचा अनुभव असा होता की खरं बोलणारा माणूस चिडतो, आणि खोटं बोलणाराही चिडतो. फक्त खोटं बोलणारा आधी चहा विचारतो. उस्तादने चहा विचारला नव्हता. पण चहाचा स्टो सीलच्या आत होता, तेव्हा हे धरता येत नव्हतं.

“थोरल्यांच्या गाडीतून काढलेले जुने पॅड कुठे गेले?”

“नव्याच्या खोक्यात.”

“म्हणजे?”

“अहो, आमची रीतच आहे. नवा भाग घातला की त्याचं खोकं रिकामं होतं. जुना भाग रॉकेलने धुवायचा, पुसायचा, त्याच खोक्यात घालायचा आणि गिऱ्हाइकाच्या डिकीत ठेवायचा. म्हणजे त्याला कळतं, खरंच बदललं. नाहीतर लोक म्हणतात, उस्तादने नुसतं फडकं मारून पैसे घेतले. थोरल्यांचे जुने परदेशी, परदेशी खोक्यात. धाकट्यांचे जुने देशी, देशी खोक्यात.”

“दोघांच्याही डिकीत?”

“दोघांच्याही. वडिलांपासूनची रीत आहे.”

*

थोरल्यांच्या ऑफिसात कपाट होतं आणि कपाटाला काच होती. काचेमागे झिजलेले परदेशी भाग ओळीने मांडले होते, जसे दुसऱ्यांकडे करंडक असतात. टेबलावर एक जुना परदेशी पॅड कागद दाबून बसला होता.

थोरले उंच, सावकाश बोलणारे. धाकट्याच्या पायाबद्दल त्यांना मनापासून वाईट वाटत होतं. फक्त ते वाईट वाटणं दर दोन वाक्यांनी हसत होतं.

“बिचारा,” ते म्हणाले. “पण देशी माल. मी म्हणत होतो.”

“त्याच्या गाडीत देशी माल नव्हता. परदेशी होता.”

थोरल्यांचा चेहरा पडला. मग सावरला. मग परत पडला. “शक्य नाही,” ते म्हणाले. “परदेशी असता तर गाडी थांबली असती.”

“झिजलेला होता.”

“झिजलेला परदेशीसुद्धा नव्या देशीपेक्षा बरा.”

“गाद्यांचं मत वेगळं आहे,” तपासनीस बाई म्हणाली. “पहाटे तुम्ही शेडवर का गेला होता?”

“गाडीवरून हात फिरवायला. परीक्षेच्या दिवशी आई मुलाच्या डोक्यावरून फिरवते तसा.”

“धाकट्यांच्या गाडीला हात लावला?”

“शी!”

“तुमच्या डिकीची किल्ली कोणाकडे असते?”

“सगळ्या गाड्यांच्या किल्ल्या शेडमध्ये खुंटीला. धंदा भावाभावांत आहे. कुलपं कोणाला लावायची?”

“डिकी दाखवा.”

फौजदार तेवढ्यात ढेकर देत येऊन पोचले. डिकीत परदेशी कंपनीचं सुबक खोकं होतं. थोरल्यांनी ते दोन्ही हातांनी उचलून ऑफिसात आणलं.

“यात माझे जुने पॅड आहेत,” ते म्हणाले. “अजून उघडलं नाही. चांगला दिवस बघून कपाटात मांडणार होतो.”

“आज बरा आहे,” तपासनीस बाई म्हणाली. “उघडा.”

त्यांनी उघडलं, आणि हात भाजल्यासारखं खोकं सोडून दिलं. फरशीवर पॅड पडले. जाडजूड, भरलेले, हिरव्या रंगाचे. पट्टीवर सरळ देवनागरीत कारखान्याचं नाव.

“देशी!” थोरले ओरडले. “माझ्या डिकीत देशी!”

“संपलं,” फौजदार म्हणाले. “बाईने खोक्यांचा घोळ घातला. नवे देशी चुकून यांच्या खोक्यात कोंबले आणि यांचे जुने धाकट्यांच्या गाडीत ठोकले. घाईत माणूस काहीही करतो. निष्काळजीपणा. कलम लावतो.”

खरंच तसं दिसत होतं. तपासनीस बाईंनाही क्षणभर तसंच दिसलं, आणि जे चटकन दिसतं त्याच्यावर तर तिचा सर्वांत जास्त संशय. तिने वाकून एक देशी पॅड उचलला, खिडकीशी नेला, तिरका धरला. घासायच्या बाजूवर पुसट, गोल चरे होते. बोटाला काळी भुकटी लागली.

“हे काय आहे?” फौजदारांनी विचारलं.

“धूळ,” ती म्हणाली, आणि पॅड पिशवीत घातला.

*

इस्पितळात धाकट्यांचा पाय टांगलेला होता. माणूस आडवा होता पण बाणा उभा. पडलो तरी नाक वर.

“लिहून घ्या,” ते म्हणाले. “ही त्या गॅरेजवालीची करणी. दादाने फितवली असेल. मला देशी म्हणून सांगून परदेशी घातले. आता जगाला कळलं ना परदेशी मालाची लायकी काय ते?”

“तुम्ही ब्रेक दाबला तेव्हा काय झालं?”

“पाय खाली गेला, थेट. गाडीने दखलच घेतली नाही.”

“त्याआधी शेडमधून निघाल्यावर एकदाही ब्रेक दाबला नव्हता?”

“का दाबू? पैज रेषेवर होती. उतार लागला की सोडून दिली.”

“पहाटे शेडवर गेला होता म्हणे.”

“गेलो होतो, दादावर लक्ष ठेवायला. तो माझ्या गाडीला काहीतरी करील, असा वहीम होता. आणि झालंच की नाही?”

“गाडीचे भाग तुम्ही स्वतः कधी बदलता?”

“मी? अहो, मी विचार करणारा माणूस. पाना धरायला माणसं आहेत.”

“पण तुम्हाला पॅडमधला फरक कळतो.”

धाकट्यांनी उशीवर कोपर टेकला. विषय आवडीचा निघाला होता. “कळतो म्हणजे? एका नजरेत! आपले देशी पॅड कसे? भरभक्कम. हातात घेतले की वजन कळतं. परदेशी मुळातच पातळ. वहीच्या पुठ्ठ्याएवढे. ते म्हणणार, ही आमची प्रगती, कमी मालात जास्त काम! लोक भुलतात. नव्या कोऱ्या परदेशी पॅडवर बोट फिरवलंत ना, तर बोटाला लोखंडच लागेल.”

“नवे कोरे असे असतात?”

“असेच. बघितल्याशिवाय मी बोलत नाही.”

बोलताना ते हात हलवत होते. नर्सने हात पुसले होते, तरी नखांच्या कडांना काळं राहिलं होतं. तपासनीस बाई त्या नखांकडे बघत राहिली. धाकट्यांनी हात पांघरुणात घेतले.

बाहेर बाकावर त्यांची बायको बसली होती. हातात थर्मास, चेहऱ्यावर लग्नाच्या सगळ्या वर्षांचा थकवा.

“वहिनी, पहाटे हे किती वाजता गेले?”

“अंधारात. म्हणाले, व्यायामाला जातो. व्यायाम! ज्यांना जिना चढताना मधे बसायला लागतं ते. मी म्हटलं, जा बाई, देव पावला.”

“गॅरेजमधून जुने भाग खोक्यात येतात, त्यांचं काय करता?”

“ती अडगळ? डिकीत खोकं दिसलं की मी भंगारवाल्याला देऊन टाकते. कालचंही दिलं, गाडी शेडवर जाण्याआधीच. ह्यांना पत्ताही नसतो. हे नुसते भाषण देतात हो. डिकी मी रिकामी करते.”

“एकदाही त्यांनी खोकं उघडलेलं नाही?”

“कधीच नाही. खोक्यात जुनं असतं हेही माहीत नसेल.” वहिनी थांबल्या. “का हो?”

“सहजच,” तपासनीस बाई म्हणाली. ती आयुष्यात कधीच काही सहज विचारत नव्हती.

*

दुसऱ्या दिवशी, उस्तादची दुपार व्हायच्या आत, तिने सगळ्यांना धाकट्यांच्या खोलीत बोलावलं. थोरले खिडकीशी. वहिनी पलंगाच्या पायाशी. उस्ताद दाराला टेकून, हाताची घडी. फौजदार स्टुलावर, बेडी त्यांनी टेबलावर, मोसंब्यांच्या शेजारी ठेवली होती.

“सुरुवातीपासून आपण एकच प्रश्न विचारतोय,” तपासनीस बाई म्हणाली. “धाकट्यांच्या गाडीत खराब पॅड कोणी लावले? प्रश्नच चुकला होता.”

“मग बरोबर कुठला?” फौजदारांनी विचारलं.

“परदेशी पॅड कोणी लावले?”

तिने दाराशी उभ्या उस्तादकडे बोट दाखवलं.

“उस्तादचं बघू. तिला नवे देशी ढापायचे असते, तर धाकट्यांचेच जुने देशी परत ठेवले असते. देशीच्या जागी देशी. कोणाला कळलं असतं? शेजारच्या गाडीचे परदेशी घालून स्वतःच्याच गळ्यात घंटा कोण बांधेल?”

“घोळ झाला असेल,” फौजदार म्हणाले.

तिने पिशवीतून देशी पॅड काढला. “हा थोरल्यांच्या खोक्यातला. ह्याच्यावर घासल्याचे चरे आहेत आणि चाकाची काळी भुकटी आहे. म्हणजे हा गाडीत बसला होता, गॅरेजपासून टेकडीवरच्या शेडपर्यंत चालला होता. उस्तादने देशीच बसवले होते आणि बरोबर बसवले होते. नंतर ते कोणीतरी काढले. बोल्टांवरच्या रेघा म्हणूनच तुटल्या.”

“म्हणजे दादा!” धाकटे ओरडले.

“थोरल्यांना तुमची गाडी पाडायची असती, तर त्यांनी झिजलेले देशी पॅड शोधून आणले असते. म्हणजे बदनामी देशीची झाली असती. जो माणूस परदेशी पॅड काचेच्या कपाटात ठेवतो, तो आपल्याच देवाला चोरीच्या गुन्ह्यात पकडून देईल का?”

“कधीच नाही,” थोरले गंभीरपणे म्हणाले.

“आणि स्वतःच्या खोक्यात देशी ठेवील?”

थोरल्यांना शहारा आला.

“म्हणजे उरला असा माणूस, ज्याला तुमच्या गाडीत परदेशी पॅड हवेच होते. चांगले म्हणून.” ती पलंगाकडे वळली. “धाकटे, काल तुम्ही म्हणालात, नवा परदेशी पॅड पुठ्ठ्याएवढा असतो. तुमची आणि तुमच्या दादांची गाडी एकच. त्यात बसणारा पॅड देशी असो की परदेशी, नवा असताना जाडी तीच असावी लागते, नाहीतर बसणारच नाही. उस्ताद, बरोबर?”

“सोळा आणे,” उस्ताद म्हणाली.

“मग पुठ्ठ्याएवढा पातळ, लोखंड लागणारा परदेशी पॅड तुम्ही कुठे बघितलात? आणि तो नवा आहे असं तुम्हाला का वाटलं?”

धाकट्यांनी छताकडे बघितलं. छताने मदत केली नाही.

“मी सांगते. पैजेच्या आदल्या दिवशी तुमची खात्री डळमळली. व्यासपीठावर देशी ठीक आहे, पण उतारावर गाडीत आपण स्वतः बसणार. थोरल्यांच्या डिकीत परदेशी खोकं तुम्ही बघितलं होतं. तुम्हाला वाटलं, जादा नवा जोड आहे. पहाटे शेडवर गेलात, फोनवर व्हिडिओ लावला आणि जन्मात पहिल्यांदा पाना धरला. आपले देशी काढले, खोक्यातले परदेशी घातले, एक उलटा. आणि दादांना खोकं हलकं लागू नये म्हणून देशी त्यात भरून ठेवले. तुम्ही जिंकला असतात, तर देशी माल जिंकला असता. परदेशी पॅडवर.”

“पण खोक्यात...” धाकट्यांच्या तोंडून निघून गेलं.

“खोक्यात जुने होते. गॅरेजची रीत आहे ती, जुनं सामान नव्याच्या खोक्यात. अख्ख्या गावाला माहीत आहे. तुमची खोकी मात्र वहिनी परस्पर भंगारात देतात. उस्तादने जुने पॅड धुऊन पुसून ठेवले होते आणि नवा पॅड दिसतो कसा हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं भांडलात, पण कधी हातात घेऊन बघितला नाहीत. झिजलेले पॅड चकतीपासून लांब राहतात. बसवल्यावर ब्रेक चार वेळा दाबून ते जवळ आणावे लागतात. तुम्ही पहिल्यांदा दाबला तो रेषेवर.”

“अरे माझ्या कर्मा,” वहिनी म्हणाल्या. “व्यायाम!”

आता भाऊभाऊ एकमेकांच्या उरावर बसणार, म्हणून फौजदार उठले. पण थोरले पलंगाशी गेले, ते डोळ्यांत पाणी आणून.

“धाकट्या,” ते म्हणाले. “म्हणजे मनातून तुला पटलं होतं.”

“काही पटलं नव्हतं!”

“पटलं होतं रे. जिवावर बेतलं तेव्हा परदेशीच आठवलं तुला. वेड्या, मागायचे होतेस. नवे दिले असते.”

“दादा, तू बाहेर जा!”

फौजदारांनी कागद काढला. “जबाब द्या. चोरी केली, गाडी उघडली, गॅरेजवालीवर खोटा आळ घेतला. सही करा, म्हणजे ही सुटली.”

“चोरी लिहा,” धाकटे म्हणाले. “खोटा आळ लिहा. गादीवाल्याची भिंत मी भरून देतो. पण कारण लिहू नका.”

“कारणाशिवाय जबाब कसा होईल?”

“दारू प्यायलो होतो असं लिहा.”

“तुम्ही पीत नाही,” वहिनी म्हणाल्या.

“वेड लागलं होतं लिहा! दादाला मारायचं होतं लिहा! पण परदेशी चांगले वाटले म्हणून घातले, हे मी मेलो तरी लिहून देणार नाही.”

“ठळक अक्षरांत लिहा,” थोरले म्हणाले. “मी फ्रेम करून घेतो.”

फौजदारांनी घड्याळ बघितलं. “सही नसेल तर माझ्याकडे नाव एकच आहे,” असं म्हणून त्यांनी बेडी उचलली. उस्ताद दारातून पुढे आली. पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आला होता.

“धाकटे, तुमच्या मुंजीला माझ्या वडिलांची गाडी होती,” ती म्हणाली. “तुमचा बाणा राहावा म्हणून मी आत जाऊ?”

धाकट्यांनी मान भिंतीकडे वळवली. कान मात्र लाल झाले.

वहिनींनी थर्मास खाली ठेवला. “लिहा हो फौजदार साहेब, मी सांगते कारण. ह्यांची दाढीची ब्लेड परदेशी. घड्याळ परदेशी, त्यावर देशी स्टिकर मीच लावून दिलाय. घोरतात तेवढं मात्र अस्सल देशी आहे. अजून सांगू, की सही करता?”

“दे पेन,” धाकटे म्हणाले.

त्यांनी डोळे मिटून सही केली. थोरल्यांनी हळूच विचारलं, कागदाची एक प्रत मिळेल का. मग ते उस्तादकडे वळले.

“एक खरं सांगशील? तू दोन्ही बसवतेस. चांगले कोणते? देशी की परदेशी?”

खाटेवर धाकट्यांनीही एक डोळा उघडला.

“नवे,” उस्ताद म्हणाली, आणि बाहेर पडली.

तपासनीस बाई तिच्यामागे निघाली. कॉरिडॉरमध्ये फौजदार धापा टाकत त्यांना गाठायला आले. इकडेतिकडे बघून त्यांनी आवाज बारीक केला.

“उस्ताद, आमची जीप हल्ली थांबताना जरा ओरडते. दोनतीन दिवसांत बघाल का?”

उस्तादने हात पुढे केला, तळवा वर.

“आधी सील काढायला माणूस पाठवा,” ती म्हणाली. “आत नवरीची गाडी आहे.”